पांढरी हलली, काळी जागेवरच : प्रयाग चिखलीचं प्रकरण

जुलैत पाऊस लागून राहिला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या. एक पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची, दुसरी चिखली-आंबेवाडीच्या ग्रामस्थांना स्थलांतराच्या सूचना दिल्याची. ही दुसरी बातमी वाचून शहरातला माणूस हमखास विचारतो, वर उंचावर सोनतळीला जागा दिली आहे ना या लोकांना, मग तिकडं जाऊन कायमचे का राहत नाहीत? विचारण्यात काळजी असते, थोडा वैतागही असतो. 2019 मध्ये चिखलीच्या छपरांवर अडकलेली माणसं काढायला बोटी गेल्या, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

हा प्रश्न करवीर तालुक्यातल्या या एका गावापुरता सोडवायचा तर आधी त्या गावाची जागा पाहावी लागते, मग इतिहास, मग घर आणि गोठा. माझं म्हणणं आधीच सांगतो. चिखलीकर हट्टी नाहीत. त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेबच अर्धा मांडला गेला. माणसांसाठी जागा मोजली, गुरांसाठी आणि रानासाठी मोजली नाही.

संगमावरची जागा

पंचगंगा ही उगमापासून एक नदी नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती, अशा पाचांची मिळून ती होते. चौघींचं पाणी प्रयागला एकत्र येतं आणि तिथून पुढं नदीचं नाव पंचगंगा. तो प्रयाग म्हणजेच प्रयाग चिखली. कोल्हापूर शहराच्या वायव्येला, शिवाजी पूल ओलांडून पन्हाळा रस्त्याला लागलं की आंबेवाडीवरून आत वळायचं. माघात संगमावर स्नानाला लोक येतात, तेव्हा नदी इतकी शांत असते की पुराची गोष्ट सांगितली तर नवख्याला पटत नाही.

या चारही नद्या सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यातून येतात. कासारी विशाळगड-गजापूरच्या बाजूनं, म्हणजे 1660 च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज ज्या मुलखातून विशाळगडाकडं गेले तिथून. त्या रात्रीच्या चिखलाची, ओढ्यांची वर्णनं आपण शाळेपासून ऐकतो; तेच पाणी पुढं कासारीतून चिखलीला येतं. कुंभी गगनबावड्याकडची. भोगावती दाजीपूर-राधानगरीच्या जंगलाकडून. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. चिखलीत ऊन पडलेलं असतानाही पाणी चढू शकतं ते यामुळं. गावातली जुनी माणसं आपल्या आभाळाकडं पाहत नाहीत, पश्चिमेकडं बघतात.

आता पाणी पुढं कसं जातं ते पाहा. प्रयागपासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत पंचगंगा साधारण 80 किलोमीटर जाते, पण या सगळ्या वाटेत तिला उतार फार कमी. ती नागमोडी वळणं घेत, दोन्ही काठांना गाळ पसरत जाते. कोल्हापूरच्या उत्तरेला तिनं जे रुंद गाळाचं मैदान तयार केलं आहे, त्याच्या अगदी तोंडाशी चिखली बसली आहे. डोंगरातून वेगानं आलेलं पाणी इथं येऊन सपाटीला लागतं, वेग मोडतो, आणि पाणी आडवं पसरायला लागतं. खाली कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेचं तोंडच दाबलं जातं आणि आलेलं पाणी उतरायला दिवसच्या दिवस लागतात. चढणारं पाणी गावाला घाबरवतं. गावाला खरं मारतं ते न उतरणारं पाणी.

त्यात राधानगरीचा भाग आहेच. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेलं आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालेलं हे धरण कोल्हापूर जिल्ह्याच्या हिरवेपणाचं मूळ आहे. त्याची क्षमता 8.36 टीएमसी. त्याला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव पूर्ण भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी चावी फिरवायची नसते. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. पावसाळ्यात चिखलीच्या पारावर 'किती उघडले?' एवढंच विचारलं जातं. काय उघडलं, हे सांगावं लागत नाही.

ओळखीचं पाणी

एवढं सगळं असताना गाव इथं बसलंच का? कारण जे पाणी घर घेतं तेच रान देतं. नदीकाठच्या मळीच्या जमिनीत दर काही वर्षांनी नवा पोयटा येऊन पडतो. विहीर खोल खणावी लागत नाही, नदी हाताशी आहे. ऊस, भाजीपाला, वैरण, काही लावा. ज्या काळी खताचं पोतं नव्हतं त्या काळी संगमावरची जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव होती. आजही या भागातला शेतकरी मळीचं रान विकायला सहसा तयार होत नाही.

पुराचं नुकसानही त्याला बारकाव्यानं ठाऊक असतं. भात किंवा सोयाबीन चार-सहा दिवस पाण्याखाली गेलं की संपलं. उसाचं तसं नाही. शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तग धरतो. शेंडा बुडाला, पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसला, की वाढ थांबते, कांड्यावरचे डोळे फुटतात, वजन जातं, साखर जाते. त्यामुळं पूर ओसरल्यावर शेतकरी आधी पोंगा उपटून नाकाशी धरतो. कुजका वास आला तर त्या फडाचा नाद सोडायचा. पंचनाम्याचा कागद फार नंतर येतो.

गावाकडं पाण्याचं असं एक ज्ञान होतं. कोणत्या गल्लीत आधी शिरतं, कुठल्या देवळाच्या पायरीला लागलं की घर सोडायचं, रेडेडोह फुटला की किती वेळात पन्हाळा रस्ता बंद होतो. हा 'रेडेडोह फुटला' शब्दप्रयोग कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. आंबेवाडीजवळ नदी पात्र सोडून रानात घुसली की ते म्हणतात. सरकारी भाषेत राजाराम बंधाऱ्याला 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. बंधारा कसबा बावड्याला, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला, आणि चिखली वरच्या अंगाला. तरीही चिखलीतल्या घराघरात याचा हिशेब पाठ असतो : बंधाऱ्याला किती फूट झालं म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी किती.

हे ज्ञान खरं होतं, आणि 2019 ला त्यानंच घात केला. 2005 चा मोठा पूर गावानं पाहिला होता. त्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या. माणसं त्या खुणांच्या भरवशावर थांबली : एवढ्यापर्यंत येईल, मग उतरेल, माडीवर काढू चार दिवस. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी 55 फुटांच्या पुढं गेली. धोका पातळीच्या 12 फूट वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला, सैन्यदल, नौदल, एनडीआरएफच्या तुकड्या आल्या. चिखली चहूबाजूंनी वेढली गेली. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पाणी 56 फुटांच्याही वर गेलं. पण त्या वेळी लोक बरेच आधी बाहेर पडले होते. 2019 नं जुनी मोजपट्टी मोडली होती, आणि नवी बसायला एकच पूर पुरला. पूर येऊनही शिकत नाहीत असं या गावाबद्दल जे म्हणतात त्यांनी 2019 आणि 2021 ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघावीत.

सोनतळी

सोनतळीची जागा उंचावर आहे, पन्हाळा रस्त्याच्या अंगाला, रजपूतवाडीजवळ. शाहू महाराजांचा सोनतळी कॅम्प म्हणून ती जुन्या लोकांना माहीत. 1989 च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीसाठी तिथं भूखंड देण्यात आले. त्या वेळचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. जागा सुरक्षित होती, फार लांब नव्हती, एकाच बाजूला होती. मध्ये नदी ओलांडावी लागत नव्हती. महाराष्ट्रातली कित्येक पुनर्वसनं याहून वाईट झाली आहेत.

तरी गाव पुरतं हललं नाही. आज सोनतळीला घरं आहेत, काही कुटुंबं बारमाही राहतात, काहींनी बांधून ठेवलं आहे आणि पाणी आलं की जातात. जुन्या चिखलीतही गाव नांदतं आहे. असं का झालं, हे एका घराच्या मांडणीतून नीट कळतं. नाव देत नाही, पण असं घर चिखलीत शोधायला लांब जावं लागत नाही.

जुन्या गावात रस्त्याला लागून दोन खणांचं घर, पुढची भिंत विटांची, मागची अजून पांढऱ्या मातीची. मागं परडं आणि गोठा. गोठ्यात दावणीला सहा म्हशी, दोन रेडकं. गोठ्याच्या भिंतीवर दोन रेघा. खालची साधारण छातीएवढ्या उंचीची, ती 2005 ची. वरची चौकटीच्या वर, वाशाला लागता लागता. मातीच्या मागच्या भिंतीचा एक कोपरा नव्या विटांचा आहे. अशी भिंत पाणी चढताना पडत नाही, आतून भिजत राहते आणि पाणी उतरल्यावर ऊन लागलं की ढासळते. म्हणून पुरानंतर घरात परत जायची घाई करायची नाही, हे इथलं पोरही सांगतं.

घरातली म्हातारी धार काढून उठली होती. सोनतळीचा विषय निघाल्यावर ती म्हणाली, "आमी न्हाई म्हणतोय व्हय, दादा? पर म्हशीला कुटं बांधू तितं, ते सांगा की आदी."

या प्रकरणाचं मूळ त्या एका वाक्यात आहे. भूखंड घर बांधण्यापुरता. सहा म्हशींचा गोठा, वैरणीची गंजी, शेणाचा उकिरडा, धुण्या-पाजण्याला पाणी, हे त्यात बसत नाही. शेजाऱ्याच्या दाराशी शेण टाकून भांडणं होतात ती वेगळी. पहाटे धार, मग डेअरीत दूध, मग रानात जाऊन ओला चारा, संध्याकाळी पुन्हा धार. रान जुन्या गावाजवळ, आणि माणूस सोनतळीला राहिला तर वैरणीचे भारे रोज वर वाहायचे. सायकलवर किंवा डोक्यावर भारा आणणाऱ्या बाईला ते काही किलोमीटर फार होतात. शिवाय म्हैस जागा बदलली की बिथरते. नवख्या गोठ्यात पान्हा चोरते. पुराच्या पंधरवड्यात बुडालेलं दूध पुन्हा पूर्वीइतकं यायला वेळ लागतो, कधी त्या वेताला येतही नाही. कोल्हापुरात दूध म्हणजे रोजचा पैसा आहे. ऊस वर्ष-दीड वर्षानं बिल देतो, घरखर्च चालतो तो दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या शहरानं तरी हे समजून घ्यायला हरकत नव्हती.

2019 ला कितीतरी जण बोट दाराशी आली तरी निघाले नाहीत, त्यामागं हेच होतं. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. दावं कापून सोडून द्यायची, की आपणही थांबायचं? बाहेरून बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटला. ज्याच्या घरात दोन म्हशींवर पोराची फी जाते त्याला तो तसा वाटला नसता.

दुसरी गोष्ट वाटण्यांची. 1989 ला घर एक होतं. आज त्या घराची तीन झाली आहेत. भूखंड मात्र एकच. थोरल्यानं सोनतळीला बांधलं, धाकटे जुन्या गावात राहिले. आता धाकटा निघतो म्हणाला तरी जाणार कुठं? पुनर्वसनाच्या यादीत कुटुंब एकदा मोजलं की ते कायमचं तेवढंच राहतं असं धरून चाललं जातं. गाव वाढतं, यादी वाढत नाही.

आपल्याकडं गावाचे दोन भाग जुन्या काळापासून मानले आहेत : काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे राहायची जागा. काळीवर पांढरी जगते. चिखलीच्या बाबतीत पांढरी उचलून उंचावर ठेवायचा प्रयत्न झाला, आणि काळी संगमावरच राहिली. ती हलवता येणारच नाही. मग या दोहोंमधला रोजचा रस्ता, गोठा, वैरण, दूध यांची सोय करणं हेच पुनर्वसनाचं मुख्य काम होतं. तेच राहिलं.

गावाबाहेरची कारणं

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं लांबवत नाही. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं पूर आला नसल्याचा निष्कर्ष काढला, कोल्हापूर-सांगलीतल्या अनेकांना तो मान्य नाही, आणि धरणाची उंची वाढवण्याच्या प्रस्तावावरून वाद चालूच आहे. चिखलीपुरतं बोलायचं तर शहराच्या बाजूचे भराव मला जास्त जवळचे वाटतात. पुराचं पाणी पसरायला जी मैदानं होती तिथं भर टाकून इमारती झाल्या, रस्ते उंच झाले आणि त्यांचे बांध पाण्याला आडवे उभे राहिले. पूररेषा आखलेल्या आहेत : निळी साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. रेषेच्या आत बांधकाम करणाऱ्या शहरी माणसाला 'तुम्ही इथं का राहता' असं कुणी विचारत नाही. चिखलीला मात्र दरवर्षी विचारलं जातं, आणि ती तिथं कोणत्याही भरावाच्या कितीतरी आधीपासून आहे. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

काय करता येईल

जुनी चिखली पूर्ण रिकामी करा आणि सोनतळीलाच राहा, हा आग्रह आधी सोडायला हवा. गाव दोन जागी नांदतं आहे हे मान्य करून दोन्ही जागांची कामं वाटून द्यावीत. सोनतळी हे पावसाळ्याचं गाव धरलं तर तिथं पहिली गरज घरांची नाही, गोठ्यांची आहे. सामाईक, मोठे, सिमेंटच्या गव्हाणींचे, पाणी आणि शेणाच्या निचऱ्याची सोय असलेले गोठे. वळवाच्या सुमारासच वैरणीचा साठा वर नेऊन ठेवायचा. दूध संकलन त्या महिन्यांत तिथंच. आणि म्हशी जूनच्या शेवटीच वर गेल्या तर त्या नव्या जागेला रुळतात, दूध एकदम तुटत नाही. ऐन पुरात, अंधारात, ट्रॉलीत कोंबून नेल्या की तुटतंच. जनावरं आधी गेली की माणसं आपोआप मागून जातात. 2021 ला ज्यांची गुरं वेळेत निघाली त्यांना बोटीची वाट बघावी लागली नाही.

भूखंडांच्या वाटणीचा प्रश्न कागदावरचा आहे, पण तो सर्वांत किचकट. वाढलेल्या कुटुंबांची नव्यानं मोजणी झाल्याशिवाय जुन्या गावातली धाकटी घरं हलणार नाहीत. ही मोजणी पुराच्या धांदलीत होत नाही. ती हिवाळ्यात, ऊस तुटत असताना, माणसं रानात आणि घरात सापडतात तेव्हा करायला हवी.

आणि पातळीची भाषा गावाच्या हिशेबात उतरवायला हवी. 'राजारामला 43 फूट' हे ज्यांना आतून कळतं ती पिढी म्हातारी होत चालली आहे. 2019 च्या रेघा रंगवून ठेवाव्यात, गल्लीगल्लीत, विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर, आणि प्रत्येक रेघेशेजारी त्या वेळची बंधाऱ्याची पातळी लिहावी. नवी सून गावात आली की तिला कळलं पाहिजे, कुठल्या आकड्याला आपल्या गोठ्यात पाणी येतं आणि त्याच्या किती आधी दावं सोडायचं.

2024 च्या जुलैतही पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली आणि चिखली-आंबेवाडीचं स्थलांतर पुन्हा बातम्यांत आलं. मेमधल्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय गोठ्यांचा यावा, अशी मागणी गावातूनच व्हायला हवी आणि शहरानं तिला साथ द्यायला हवी. त्या म्हातारीच्या प्रश्नाला पत्ता सांगता येईल असं उत्तर तिथूनच मिळू शकतं : अमुक शेड, अमुक दावण, तुमच्या सहा म्हशींसाठी.